सातवा अंगठा

“इतिहास कुणाच्या बापाचं ऐकत नसतो. तो एकदा बोलायला लागला, की भल्याभल्यांना मान खाली घालून ऐकावं लागतं,” असे म्हणून दौलतराव मास्तरांनी उजवा हात वर केला आणि ते हळूहळू कापसात बुडू लागले.

यात इतिहासाचा दोष नव्हता. मंगरुळपीरला बसस्टँडच्या मागे इब्राहीम गादीवाल्याचे दुकान आहे. तिथे खुर्ची नाही, म्हणून मास्तर भरायला घेतलेल्या गादीवर टेकले होते. तिच्यात कापूस पडला होता, टाके पडायचे होते. मास्तर कमरेपर्यंत गेले, तेव्हा इब्राहीमने त्यांना दोन्ही हात देऊन वर काढले, पाठीवरचा कापूस झटकला आणि विचारले, “किती वेळ बोलन जी तो?”

“कोण?”

“इतिहास.”

“वीस मिनिटं,” मास्तर म्हणाले. “सत्कार लांबले तर बारा.”

दौलतराव हे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर माणसे देवधर्माला लागतात, मास्तर समित्यांना लागले. या वर्षी ते वारसा महोत्सव समितीचे अध्यक्ष होते. कार्यक्रमपत्रिकेत ‘स्थानिक लोककलेतून गंभीर इतिहास’ अशी एक ओळ छापून झाली होती आणि छापून झाल्यावर ती भरायची राहिली आहे हे कोणाच्या तरी लक्षात आले. आसपास बाहुल्यांचा खेळ करणारी माणसे दोनच, आणि दोघेही याच दुकानात सापडायचे. म्हणून मास्तर आले होते.

इब्राहीम पासष्टचा. भुवयांत कायम कापूस, त्यामुळे तो पंचवीस वर्षांचा असल्यापासून म्हातारा दिसत आला आहे. घराणे पिंजाऱ्याचे. आजोबांची कापूस पिंजायची कमान भिंतीवर टांगलेली. आता पिंजायला मशीन आहे आणि लोक फोमच्या गाद्या घेतात, त्यामुळे मशीनही बहुतेक वेळ त्या कमानीकडे बघत बसलेले असते. बाहुल्यांचा नाद त्याला विशीत लागला. मारवाडातला एक खेळवाला गावोगाव फिरत इथे आला आणि तापाने इब्राहीमच्या ओसरीवर दोन महिने पडून राहिला. बरा होऊन जाताना उपकाराची फेड म्हणून दोऱ्या कशा धरायच्या ते शिकवून गेला. शिवाय एक नियम देऊन गेला: दोरी दिसली तर चालेल, हात दिसता कामा नये. हात दिसला, खेळ मेला.

बाहुल्या नऊ. डोकी पांगाऱ्याच्या लाकडाची, अंगात दुकानातला कापूस. तीस वर्षांत या नऊ जणांनी साक्षर होऊन दाखवले, पोलिओचे डोस घेतले, कुटुंब मर्यादित ठेवले, संडास बांधले आणि न चुकता मतदान केले. इतकी आदर्श वागणूक उभ्या तालुक्यात दुसऱ्या कोणाची नसेल. मतदानाच्या खेळात थोडी अडचण व्हायची. बाहुल्यांच्या हाताला बोटे नसतात, नुसती मूठ असते, त्यामुळे चारही उमेदवारांची बटणे एकदम दाबली जात. पण जनतेला त्यात काही चूक वाटली नाही.

हे सगळे खेळ छापील कागदावरून. कागद तालुक्याहून यायचा, त्यावर बाहुल्यांनी काय बोलायचे ते लिहिलेले असायचे. इब्राहीमच्या स्वतःच्या मनात मात्र एकच खेळ होता, आणि तो त्याने तीस वर्षांत एकदाही केला नव्हता.

“मंग मी सोमला नाईकाचा खेळ करतो,” तो मास्तरांना म्हणाला. “छप्पनच्या दुष्काळातला.”

“दुष्काळ,” मास्तर खूश झाले. “व्वा. गंभीर विषय आहे. करा.” आणि पँटवरचा कापूस वेचत निघून गेले. गोष्ट काय आहे, हे त्यांनी विचारले नाही. अध्यक्षांना तपशिलात शिरता येत नाही.

गोष्ट अशी होती. सव्वाशे वर्षांपूर्वी, संवत छप्पनच्या त्या दुष्काळात, बंजाऱ्यांचा सोमला नाईक एका व्यापाऱ्याची ज्वारी चाळीस बैलांवर लादून निघाला होता. वाटेत एक गाव लागले. गावाचे नाव गोष्टीत आहे. पण पुढे समितीने ते वगळायला सांगितले, म्हणून इथेही वगळले आहे. समितीशी वाद नको. गावात माणसे चिंचोके कुटून खात होती, आणि तेही संपत आले होते. सोमलाने बैल थांबवले, गोण्या सोडल्या आणि म्हणाला, व्यापाऱ्याला मी पाहून घेईन. गाव पंधरा दिवस जेवले. मग व्यापाऱ्याची फिर्याद आली, फिर्यादीमागून जमादार आला आणि त्याने गावाला विचारले, ज्वारी खाल्ली का? हो म्हणणारा चोरीच्या मालाचा वाटेकरी होणार होता. गाव म्हणाले, आम्ही दाणाही पाहिला नाही, या लमाणाने कुठे तरी विकून खाल्ली असेल. तसा कागद झाला. त्यावर सात अंगठे उठले. पहिला पाटलाचा, सातवा लालखाँ पिंजाऱ्याचा. सोमला तुरुंगात गेला आणि तिथून परत आला नाही.

लालखाँ हा इब्राहीमचा पणजोबा.

त्याला हे दादीने सांगितले होते, शेवटच्या आजारात, कोणी विचारले नसताना. “ज्वारी खाल्ली, बेटा, अन् अंगठा देला,” एवढेच ती सांगायची. पुन्हा पुन्हा सांगायची. नंतर त्याने उरलेली गोष्ट इकडून तिकडून गोळा केली. एकदा, फक्त एकदा, हे चार लोकांसमोर मांडावे आणि मोकळे व्हावे, असे त्याला वाटायचे. आता घाईही होती. डाव्या हाताची दोन बोटे गेल्या दिवाळीपासून वळेनाशी झाली होती. उरलेल्या तीन बोटांवर किती दिवस बाहुल्या पेलणार? औंदा नाही तर कधीच नाही.

तरी तीस वर्षे तो गप्प का बसला, याचे कारण दुसऱ्या दिवशी दहाच्या काळीपिवळी जीपने आसेगावकडच्या तांड्यावरून आले, दुकानाच्या उंबऱ्यावर बसले आणि त्याने बिडी पेटवली. इब्राहीमच्या खेळात डफडे वाजवणारा आणि गाणारा बाबूसिंग. तीस वर्षांचा जोडीदार. सोमला नाईकाचा सख्खा पणतू.

“मास्तरले काय दाखवतो म्हणलास?” बाबूसिंगने विचारले.

“सोमला नाईक.”

“आमचा?”

“हव.”

समोर बैलांचा ढीग होता. जुन्या गाद्यांच्या कापडाचे चार बैल मेहरबीने, इब्राहीमच्या बायकोने, रात्रीतून शिवले होते. चाळीसचे काम चारांवर भागवायचे होते. त्यातला एक उचलून बाबूसिंग त्याला दोरी लावू लागला.

“तुले एक सांगाचं हाय बाबू,” इब्राहीम म्हणाला. बैलाकडे बघत म्हणाला. “त्या कागदावर सात अंगठे व्हते.”

“हव.”

“सातवा माह्या पणज्याचा व्हता.”

बाबूसिंगने दोऱ्याचे टोक जिभेवर ओले केले, एक डोळा मिटून सुईत ओवले. “लालखाँ,” तो म्हणाला. “लालखाँ पिंजारी.”

इब्राहीमच्या हातातल्या बैलाने पाय टेकले.

“तुले कोनं सांगितलं?”

“गाण्यात हाय. आमच्या तांड्यावर बाया म्हणतात. साती नावं येतात, पाटलापासून तं लालखाँपर्यंत. पोट्टे असताना आमाले पाढ्याच्या आधी ते येत व्हतं.”

“मंग तीस वर्सं तू बोलला काहून नाई?”

“तू काहून नाई बोलला?”

दोघेही थोडा वेळ बैलांना दोऱ्या लावत राहिले.

“माह्यासंगं राह्यला कसा बाप्पा तू?” इब्राहीमने विचारले.

“पह्यले तं पाहालेच आलो व्हतो, लालखाँचं बेनं कसं दिसते म्हून.”

“मंग?”

“मंग तू चहा मांगवला.” बाबूसिंगने दोऱ्याला गाठ मारली आणि उरलेला दोरा दाताने तोडला. “कधी तरी सांगशीन, म्हून थांबलो. तू लय टाइम लावला गा.”

खेळ बसू लागला. सोमला नाईकाच्या भूमिकेत आजवर संडास बांधणारा आदर्श सरपंच आला. त्याच्या डोक्याला लाल फेटा बांधला, की तो नाईक व्हायचा. कुटुंबनियोजनातल्या डॉक्टरचा पांढरा कोट उलटा केला, की शिक्षा सुनावणारा इंग्रज साहेब. डेंग्यूच्या डासाचे पंख काढून त्याला जमादार केले. मेहरबी म्हणाली, याला काही बदलावंच लागलं नाही. लालखाँ मात्र इब्राहीमने नवा केला. गादीच्या निळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाचा, भुवयांना कापूस लावलेला. तो इतका इब्राहीमसारखा झाला, की मेहरबीने त्याला पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला.

मग एक जुनी अडचण नव्याने उभी राहिली. बाहुल्याला अंगठा नव्हता.

“तीस साल झाले,” मेहरबी म्हणाली, “नऊ जनाइची शादी लावली, बच्चे गिनले, बीमारी काढली. अंगठ्याची याद कोनालेच नाई आली.”

“काम कोठी पडलं त्याइले अंगठ्याचं? शिकेल होते सगळे.”

तिने कापूस भरून अंगठा शिवला. तो गाजरासारखा झाला. दुसरा शिवला, तो बरा होता, पण शाईच्या डबीवर टेकवला की मागे वळायचा. कागदावर काहीच उठत नव्हते.

“तुमच्या पणज्याचाबी असाच मुडला असता,” मेहरबी म्हणाली, “तं बरं झालं असतं.”

प्रयोगाआधी चार दिवस समितीने संहिता ऐकायला बोलावले. मास्तरांच्या घराच्या व्हरांड्यात पाच खुर्च्या, पाच सदस्य. इब्राहीम सतरंजीवर बसला. बाबूसिंग म्हणाला, मले बिडी ओढाची हाय, आणि बाहेर पायरीवर बसला. तिथून सगळे ऐकू येत होते.

इब्राहीमने गोष्ट सांगितली. गावाचे नाव आले तेव्हा एक खुर्ची वाजली. पाटलाचा पहिला अंगठा आला तेव्हा कोणीच हलले नाही. त्या पाटलाचे पणतू म्हणजे खुद्द दौलतराव मास्तर. हे पाचही जणांना माहीत होते, म्हणून सगळे पंख्याकडे पाहत होते.

“विषय उत्तम आहे,” मास्तर म्हणाले. “फक्त याला पुरावा काय? तो कागद आहे का तुमच्याकडे?”

“कागद नाई जी.”

“मग?”

“मी हावो ना,” इब्राहीम म्हणाला. “ती ज्वारी खाल्ली नसती तं माहा पणजा मेला असता. मंग मी कोठून आलो असतो?” थोडे थांबून तो म्हणाला, “तुमीबी हा ना.”

मास्तर मनाने चांगले. ते हसले. हसून झाल्यावर म्हणाले, “हे पहा इब्राहीमभाई, गावाचं नाव राहू द्या. एक गाव म्हणा. सगळी गावं सारखीच असतात.”

“बरं.”

“दुसरं, वेळ बारा मिनिटं. सात अंगठे म्हणजे फार होतात. सातजण एकामागून एक तेच करणार, प्रेक्षक कंटाळतात. एकच ठेवा.”

“कोनता?”

मास्तरांनी विचार केल्यासारखे केले. “तुमचाच ठेवा ना. म्हणजे इतर कोणाची तक्रार नको. तुमच्या घरातली गोष्ट आहे, तुमची हरकत नसेल तर.”

“माही काय हरकत?” इब्राहीम म्हणाला. “मले तोच दाखवाचा हाय.”

पायरीवरून आवाज आला, “बाकीच्या सहा जनाइनं ज्वारी थुकून देल्ली का मंग?”

समिती मोकळेपणाने हसली. “बाबूसिंग मोठा विनोदी माणूस,” मास्तर म्हणाले. “आता शेवट. शेवटी सोमला सुटला, असं करा. जेवणाच्या आधीचा कार्यक्रम आहे. लोकांनी प्रसन्न मनाने उठावं.”

“तो सुटला नाई मास्तर.”

“खरा सुटला नसेल. हा बाहुलाच आहे ना? सुटू द्या.”

इब्राहीम “पाहू” म्हणाला. त्याचा अर्थ काहीही होतो, म्हणून समितीने तो होकार धरला आणि पोहे आले. पोहे सहा प्लेट होते. इब्राहीमने आपली उचलून पायरीवर नेली आणि दोघांनी एका चमच्याने खाल्ले.

परत येताना बाबूसिंग निम्म्या रस्त्यात थांबला. “सात जनाइचं वझं एकटा काहून उचलतं तू?”

“माहं मी उचलतो. त्याइचं ते पाहतीन.”

“सव्वाशे वर्सं झाले,” बाबूसिंग म्हणाला. “पाहूनच राह्यले ते.”

महोत्सव गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात होता. दहाची वेळ होती. प्रमुख पाहुणे दुपारी सव्वा वाजता आले, कारण पाहुणे दहाला आले तर ते प्रमुख राहत नाहीत. तोवर शाळेची मुले तीन तास ऊन आणि भाषणे खात बसली होती. मागच्या बाजूला मोठ्या पातेल्यांत जेवण तयार होते. वास पहिल्या रांगेपर्यंत येत होता, आणि वक्ते वारशाबद्दल बोलताना मधूनमधून मागे बघत होते.

तांड्यावरून सहा बाया आल्या होत्या. सगळ्यांत पुढे बाबूसिंगची थोरली बहीण सुंदरबाई. पंच्याहत्तरीची, आरशांची कांचळी घातलेली, हातभर चुडा. दारातल्या स्वयंसेवकाने त्यांना पाहिले आणि नृत्याच्या यादीत अकरावा नंबर देऊन टाकला. सुंदरबाईने कागदाचा तो नंबर हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. “आपला नंबर आला तं सांगजो,” ती त्याला म्हणाली.

इब्राहीमचा रंगमंच म्हणजे घरची बाज. ती आडवी उभी करायची, वरून काळी चादर टाकायची, तिच्यामागे आपण, पुढे बाहुल्या. बाजूला बाबूसिंग, डफडे मांडीवर. त्याच्या तोंडासमोर निवेदकाने माईक आणून ठेवला होता आणि तो काढून न्यायला विसरला होता.

“यानंतर सादर होत आहे गंभीर इतिहास,” निवेदक म्हणाला, आणि खाली वाकून चादरीमागे कुजबुजला, “चाचा, पाच मिनिटांत करा हं. वर मास्तरांनी सांगितलंय.”

चादरीमागे चार बैल, एक नाईक, व्यापारी, साहेब, सगळे आपापल्या खिळ्यांना लटकत वाट पाहत होते. इब्राहीमने त्यांच्याकडे एकदा पाहिले.

“काय ठेवतं?” बाबूसिंगने विचारले.

“अंगठा.”

खेळ सुरू झाला. जमादार आला. ओळखीच्या चार पोरांनी “डास, डास” म्हणून टाळ्या दिल्या. मग पट्ट्यापट्ट्यांचा लालखाँ आला, वाकून सलाम करून उभा राहिला. बाबूसिंगने डफड्यावर नुसती बोटे फिरवत चार वाक्यांत दुष्काळ सांगितला, सोमलाने सोडलेल्या गोण्या सांगितल्या, तांड्याचा नाईक दोरखंडाने बांधून उन्हात बसवला आहे ते सांगितले.

“ज्वारी खाल्ली का?” जमादाराने विचारले.

लालखाँने मान हलवली. नाही.

“मंग लाव अंगठा.”

बाहुल्याने मूठ शाईच्या डबीवर नेली. अंगठा मागे वळला. पोरे हसली. त्याने पुन्हा मूठ नेली, अंगठा पुन्हा वळला. पोरे जास्त हसली. तिसऱ्या वेळी टाका उसवला आणि अंगठाच गळून खाली पडला. मग सगळे सभागृह हसले. व्यासपीठही हसले. दौलतराव मास्तर पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “स्थानिक कलाकार आहेत.”

तेव्हा काळ्या चादरीच्या वरून एक हात खाली आला. खरा. म्हातारा, कोपरापर्यंत कापसाचे तंतू चिकटलेला, दोन बोटे ताठ राहिलेली. तीस वर्षांत खेळात तो हात कोणी पाहिला नव्हता.

“हात दिसला,” एक पोरगी ओरडली. “गादीवाल्या चाचाचा हात दिसला.”

हाताने शाईत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला आणि उचललाच नाही. दुसऱ्या हातातला लालखाँ एका दोरीवर तिरपा लोंबकळत होता. हसणे हळूहळू कमी झाले. सगळे थांबले असे नाही. काहीजण सवयीने हसत राहिले. चादरीमागून इब्राहीम बोलला, बाहुल्याच्या चिरक्या आवाजात नव्हे, आपल्या आवाजात.

“लालखाँ माहा पणजा. त्यानं ज्वारी खाल्ली व्हती. सोमला नाईकानं देल्ली व्हती. नाई म्हणला, ते खोटं म्हणला.”

प्रमुख पाहुण्यांनी फोनवरून डोके वर काढले आणि शांतता ऐकून, कार्यक्रम संपला असे समजून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. निवेदक उठला. पण डफडे थांबले नव्हते.

बाबूसिंग गायला लागला. गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत. आवाज मोठा नव्हता, पण माईक समोर होता. व्यासपीठावर ती बोली कोणाला येत नव्हती, त्यामुळे सुरुवातीला सगळे लोककलेसारखे माना डोलावत होते. पण नावे कुठल्याही बोलीत नावेच असतात. पहिले नाव आले आणि दौलतराव मास्तरांची मान डोलायची थांबली. ते नाव त्यांच्या दिवाणखान्यात पगडी घातलेल्या तसबिरीखाली लिहिलेले होते.

दुसरे नाव मागच्या रांगेतून आले. सुंदरबाई उभी होती. तिसऱ्या नावाला सहाही बाया उभ्या होत्या. चौथे, पाचवे. त्या नावांच्या घरांतली माणसे समोर खुर्च्यांवर बसली होती; कोणी बुटाची लेस बघत होते, कोणी कार्यक्रमपत्रिका उलटी धरून वाचत होते. सहावे.

चादरीमागे इब्राहीम डोळे मिटून उभा होता. अंगठा अजून कागदावर होता. आता आपले नाव येणार. ते चारचौघांत ऐकायला तो तीस वर्षे थांबला होता, आणि ऐकून कसे उभे राहायचे हेही त्याने ठरवले होते.

डफड्यावर एक थाप पडली आणि गाणे संपले. बाया खाली बसल्या. सातवे नाव आलेच नाही.

“राह्यलं एक,” इब्राहीम चादरीमागून हलकेच म्हणाला.

“तुहं तू सांगितलं ना,” बाबूसिंग डफड्याचे ताणे सैल करत म्हणाला. “दोनदा कायले सांगाचं?”

आभार मानले गेले. कोणाचे, ते नीट ऐकू आले नाही, कारण पोरे ताटांकडे धावली होती. पाहुण्यांना आत नेऊन बसवल्यावर मास्तर बाजेपाशी आले. हातात कार्यक्रमपत्रिका होती. तिच्या कोऱ्या बाजूवर सुवाच्य अक्षरात चार ओळी लिहिल्या होत्या. अक्षर मास्तरांचे, सदतीस वर्षे फळ्यावर घोटलेले.

“इब्राहीमभाई, छान झालं,” ते म्हणाले. “मुलांना आवडलं. फक्त एक औपचारिकता आहे. उगाच उद्या कोणाच्या भावना नकोत. वाचून घ्या.”

इब्राहीमने कागद लांब धरून वाचला. ‘सदर कार्यक्रमातील पात्रे, प्रसंग, नावे व अंगठे काल्पनिक असून त्यांचा कोणत्याही गावाशी वा घराण्याशी संबंध नाही. असा कोणताही प्रकार आमच्या ऐकिवात नाही.’

“सहीला पेन शोधत बसू नका,” मास्तर म्हणाले. “अंगठा दिला तरी चालेल. शाई लागलेलीच आहे.”

बाबूसिंग बैल पोत्यात भरत होता. त्याचे हात थांबले. सुंदरबाई तिथे येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात अजून अकरा नंबरचा कागद होता.

इब्राहीमने आपल्या निळ्या अंगठ्याकडे पाहिले. मग खाली वाकून शाईची डबी उचलली, झाकण उघडले आणि मास्तरांच्या पुढे धरली.

“पह्यला पाटलाचा असते मास्तर,” तो म्हणाला. “तुमी लावा. बाकीच्या पाचाइचे घेऊन या. मंग मी लावतो. माहा सातवा.”

आवाजात राग नव्हता. गादीला किती कापूस लागेल हे सांगावे, तसे त्याने सांगितले.

मास्तरांनी डबीकडे पाहिले. आपल्या पांढऱ्या झब्ब्याकडे पाहिले. सुंदरबाईकडे पाहायचे मात्र टाळले. मागे पातेल्यांवरची झाकणे निघत होती आणि कोणी तरी ओरडून विचारत होते, की टेबलं कुठे मांडायची.

मास्तरांनी कागदाची घडी केली, घडीची घडी केली आणि ती खिशात ठेवली. मग घसा साफ केला.

“बरं, ते आपण नंतर पाहू,” ते म्हणाले. “तूर्त तेवढी ही बाज जरा बाजूला घेता का? पंगतीची टेबलं लावायची आहेत. लोक भुकेले आहेत हो.”